गच्चीवरचं चावरं झाड

१

झाड गेलं होतं. कुंडी जागेवर होती, कुंडीतले दगड जागेवर होते, दगडांत खोचलेली 'पाणी घालू नये' ही पाटीसुद्धा जागेवर होती. मधलं झाड तेवढं नव्हतं. दात काढलेल्या हिरडीसारखी जागा मोकळी दिसत होती.

ही बातमी अंबिकाबाई तावड्यांना कुणी येऊन सांगितली नाही. ती जिन्यावरून आपणच खाली उतरली, सुचेताच्या आवाजावर बसून. चौथ्या मजल्यावरच्या सुचेताचा आवाज एरवी तिच्या दाराबाहेर पडत नसे.

"चोराला घरात घेतलं आपण! रोज चहा पाजून!"

अंबिकाबाई दुसऱ्या मजल्यावर आपल्या स्वयंपाकघरात बांगडे तळत होत्या. गुडघ्यांनी कधीचाच राजीनामा दिलेला, त्यामुळे त्या उठल्या नाहीत. स्टुलावर बसल्या बसल्या गॅस बारीक केला.

"कोण मेलं गं वर?"

"जाऊ दे ना," समोर जेवायला बसलेले त्यांचे यजमान उत्तमराव म्हणाले. "लोकांचं लोकांपाशी."

उत्तमराव गोदीतून रिटायर होऊन भाईंदरला आले ते आवाज तिकडेच ठेवून आले, असं अंबिकाबाई म्हणत. आज तर त्यांचं पोटही बिघडलं होतं. शनिवार सोडून बुधवारीच निर्माल्याची पिशवी घेऊन सकाळी खाडीवर जेट्टीला गेले, उन्हात फिरून आले आणि म्हणाले, भात नको, पेज कर. बांगडा तव्यावर असताना रत्नागिरीचा माणूस पेज मागतो आणि ती चमच्यानं खातो, म्हणजे ऊन भारीच लागलं असणार. अंबिकाबाईंनी पेज दिली, वर चार शब्द दिले. शब्द त्यांच्या घरात मिठासारखे होते. प्रत्येक पदार्थात पडायचेच.

तेवढ्यात धुणंभांडी करणारी शेवंती आत आली. आली म्हणजे उंबऱ्यात कोसळली. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांध्या उठल्या होत्या. मागून सुचेता, आणि सुचेताच्या मागून सोसायटीचा सेक्रेटरी लवू घाडी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"काकी, देवाची आन! मी हात न्हाय लावला त्या झाडाला!"

"मग हे हातावर काय आहे? मेंदी?" सुचेता म्हणाली. "काकू, त्या झाडाला हात लावला की अशाच गांध्या उठतात. आमच्या संजनाला एकदा आल्या होत्या, तीन वर्षांचं लेकरू रात्रभर रडत होतं. वरसाव्याचा नर्सरीवाला दोनदा येऊन गेला, झाड विकता का म्हणून. गच्चीची एक किल्ली हिच्याकडे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

लवूनं जुडगा वाजवला. "वहिनी, तुमची बाई म्हणून तुमच्या कानावर घातलं. उद्या संध्याकाळी खाली मीटिंग. हिला गेट बंद. पोलिसात द्यायचं का, ते सुचेताचा निकेत आला की ठरवू."

शेवंती जवळच्या मोरवा गावची. नवरा पडून, घरात कमावती ती एकटी. एका गेटवर तिला बंदी आली की शेजारची चार गेटं न सांगता बंद होणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

अंबिकाबाईंनी बांगडा उलटला. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर मीटिंग कशाला रे, लवू? आत्ताच दे."

"मग चोर कोण, ते तुम्ही सांगा!"

"सांगते," अंबिकाबाई म्हणाल्या. "उद्या. मीटिंगमध्ये."

उत्तमरावांचा चमचा ताटात पडला.

२

दार लागल्यावर अंबिकाबाईंनी शेवंतीला जवळ बसवलं. चौकशी करायचा त्यांना उत्साह नव्हता. खरं म्हणजे कशाचाच नव्हता. या वयात दुसरी बाई शोधायची, तिला घर शिकवायचं, तिची रड ऐकायची, ह्या विचारानंच त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. शेवंतीची रड निदान पाठ होती.

"रडणं बंद कर. पंजे उघड."

शेवंतीनं पंजे उघडले. साबणानं पांढरे पडलेले, भेगाळलेले तळवे. त्यांच्यावर काही नव्हतं. बोटांच्या बेचक्यांतही काही नव्हतं.

"आणखी कुठं आग होते?"

शेवंतीनं संकोचून पदर सरकवला. डाव्या खांद्यावर, मानेच्या खाली, लाल भडक पट्टा उठला होता.

अंबिकाबाईंनी तिला उजेडाकडे वळवून तो पट्टा पाहिला. झाड उपटायचं तर माणूस मुठीत धरून उपटतो. हिच्या मुठीत काही नाही आणि खांदा पेटलेला. खांद्यानं कधी कुणी झाड उपटलंय?

"कपड्यांचे पिळे कुठल्या खांद्यावर टाकतेस?"

"डाव्या. उजव्या हातात बादली आसते ना."

"आज कुणाचे कपडे धुतलेस?"

"पयले सुचेतावयनीचे, मंग तुमचे. सगले पिळे एकदमच खांद्याव टाकून गच्चीव नेले. दोरीव घालताना खांदा पेटला. कुणाच्या कपड्यानं, त्ये न्हाय कललं."

"लवूकडचे?"

"त्यांच्याकडं मशीन हाय. तिथं मी नुस्ती भांडी करते."

"वर गेलीस तेव्हा झाड होतं?"

"त्या कोपऱ्यात मी बगतच न्हाय, काकी. त्या झाडाचं भ्याव वाटतं मला. त्ये बगतंय आपल्याकडं, आसं वाटतं."

म्हणजे चोर कपड्यांतून आला होता. ज्यानं झाड धरलं त्यानं ते कापडात धरलं, आणि ते कापड धुण्यात टाकून मोकळा झाला. शिक्षा धुणाऱ्या हातांना.

"घरी जा. खोबरेल लाव," अंबिकाबाई म्हणाल्या. "आणि उद्या संध्याकाळी ये. गेटवर अडवलं तर माझं नाव सांग."

"आन् तुमच्या नावानं बी न्हाय सोडलं तर?"

असा प्रश्न अंबिकाबाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्या रागावल्या. "जा म्हटलं ना!"

३

सुचेताचा नवरा निकेत त्याच संध्याकाळी पुण्याहून आला. पंधरवडाभर कंपनीच्या कामाला गेलेला माणूस बॅग दारात टाकून थेट गच्चीवर गेला, असं कळलं. तेव्हा अंबिकाबाईंनी कठडा धरला आणि चढायला सुरुवात केली. वर्षं होऊन गेली होती त्या गच्चीवर गेल्याला. प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी बिल्डरला एक शिवी दिली. लिफ्टची जागा ठेवली होती मेल्यानं, लिफ्ट ठेवली नव्हती.

वर वारा होता. पलीकडे मिठागरं उजेडात पांढरी दिसत होती. कुंडीपाशी निकेत मांडी घालून बसला होता, एखाद्याला पोचवून आल्यासारखा.

"बस. उठू नकोस," अंबिकाबाई म्हणाल्या आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकल्या. "आधी मला सांग, होतं तरी काय ते झाड? मी कधी पाहिलंच नाही."

निकेतला बोलायला कुणीतरी हवंच होतं. तो कंपनीतर्फे दोन वर्षं अमेरिकेत होता, नेवाडात. तिथल्या वाळवंटात उभ्या कड्यांच्या चिरांमध्ये त्यानं ते पाहिलं. खाली माती नाही, पाणी नाही. वर्षाचा पाऊस म्हणजे आपल्याकडची एक सर. आणि तिथं, कोरड्या दगडातून, हे झुडूप पसरलेलं, वर फिकट पिवळी, रेशमासारखी फुलं. रॉक नेटल म्हणतात त्याला.

"फुलाला भुलून हात लावला की संपलं, काकू. पानापानावर काचेसारखी लव असते. ती टोचते आणि वर आकड्यासारखी अडकतेही. पान कापडाला लागलं की चिकटलंच, शिवल्यासारखं. माझी एक जीन्स मी तिथेच टाकून आलो."

"आणि बी घेऊन आलास."

"चार बिया. तीन गेल्या, एक रुजली. वरसाव्याच्या खाणीतून दगड आणून चिरा तयार केल्या. पावसाळ्यात प्लास्टिकनं झाकून ठेवायचो, खाडीच्या दमटपणाला घाबरून. यंदा पहिल्यांदा फुललं. महिना झाला असेल. इथे, भाईंदरमध्ये, काकू! मला वाटलं, जमलं." तो थांबला. "सगळ्यांना सांगून गेलो होतो, काही करू नका, नुसतं बघू पण नका त्याच्याकडे."

अंबिकाबाईंना त्यांच्या माहेरचा सडा आठवला. रत्नागिरीकडचा कातळ, उन्हात तव्यासारखा तापलेला. त्याच्या भेगांतही झुडपं जगतात. कुणी त्यांची तहान विचारत नाही, म्हणूनच जगतात.

"तो एक दगड उचल."

निकेतनं उचलला. दगडाच्या पोटाला हिरवं शेवाळ होतं. खालची खडी ओलीगच्च.

निकेतनं खडी बोटानं दाबली, वर पाणी आलं.

"मी तर ह्याला दोन महिन्यांतून एकदा..." निकेत पुटपुटला. "हे शेवाळ आठ दिवसांचं नाही."

"चोर कधी झाडाला पाणी घालतो का रे, निकेत?"

अंबिकाबाईंनी वाकून, गुडघ्याला शिव्या देत, खडीत बोट फिरवलं. बोटाला काहीतरी चिकटून आलं. तुळशीचं सुकलेलं पान. आणि कुंकवानं गुलाबी झालेला तांदळाचा दाणा.

अक्षता.

४

देवाला आंघोळ घातलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत, झाडाला घालतात. हे अंबिकाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे देवाचं ताम्हन घेऊन कुणीतरी रोज गच्चीवर येत होतं आणि ते तीर्थ या परक्या झाडाच्या मुळात रिचवत होतं. भाईंदरात पाणी एक दिवसाआड येतं, टँकर आला की बायका पदर खोचून भांडतात, आणि इथे पाणी नको म्हणणाऱ्या झाडाला कुणी पाणी पाजत होतं.

आपलं घर सोडून देव न्हाऊ घालणारा पहिला डोळ्यासमोर आला तो लवू घाडी. सकाळी उघड्याबंब अंगानं स्तोत्र म्हणत जिना दणाणून सोडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिकाबाईंनी त्याला दारातच गाठलं. त्याच्या हातात फुलं तोडायची आकडी.

"लवू, देवाचं पाणी कुठं ओततोस?"

"आमच्या बाल्कनीत तुळस आहे की! का?"

"गच्चीवर नाही नेत?"

"गच्चीवर?" लवू खवळला. "मीच नोटीस लावतोय, गच्चीवर पाणी सांडू नका, स्लॅब गळतोय म्हणून! चौथ्या मजल्याचं छत बघा जाऊन. ते झाड गेलं ते एका परीनं बरंच झालं. पण मी नाही हात लावला. फुलं मात्र मागितली होती हां, खोटं कशाला बोलू. गुरुवारी दत्ताला पिवळं फूल लागतं. निकेत म्हणाला, काका, हात भाजेल. मी म्हटलं, राहू दे मग, दत्ताला शेवंती चालते."

"पाहिलंस कुणाला वर जाताना?"

लवूनं आकडी भिंतीला टेकवली. जुडगा या हातातून त्या हातात गेला.

"वहिनी, जाऊ द्या. शेवंतीचंच नाव राहू दे. आपल्यातल्या आपल्यात कशाला?"

"म्हणजे पाहिलंस."

"मी काही पाहिलं नाही," लवू म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जिना आवाज न करता उतरून गेला.

सुचेताकडे त्या बसल्याच नाहीत, दारातून विचारलं.

"हो, मला ते झाड नको होतं," सुचेता म्हणाली. तिचे डोळे सुजले होते; रात्री नवरा-बायकोचं वाजलेलं दिसत होतं. "माझ्या पोरीला चावलं ते. दहा वेळा म्हटलं, काढ. पण काकू, तो दोन वर्षं तिकडे एकटा होता. रोज फोनवर त्या दगडांचंच सांगायचा. मी काढलं असतं ना, तर तोंडावर काढलं असतं, असं चोरून नाही."

"तुमचे देव कुठं आहेत गं?"

"देव?" ती गोंधळली. "सासूबाईंकडे, गावाला. इथे नुसती तसबीर. का?"

"तसबिरीला आंघोळ घालत नाहीत ना."

"काहीतरीच काय, काकू!"

अंबिकाबाई वळल्या. जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे कुणी बघत नव्हतं तिथे, त्या पायरीवर बसल्या. बसल्या त्या उठेचनात.

कापड ज्याच्या घरचं शेवंती धुते त्याचं. म्हणजे घरं दोन: सुचेताचं आणि तावड्यांचं. लवू सुटला. पाणी ज्याच्या घरी देव न्हातात त्याचं. म्हणजे सुचेता सुटली.

आता राहिलं एक दार. त्या दारावर पितळी पाटी होती, आणि ती पाटी रोज पुसायचा त्यांना अभिमान होता.

५

उत्तमराव घरी नव्हते, दळण आणायला गेले होते. अंबिकाबाईंनी देवघराच्या खुंटीवरची निर्माल्याची पिशवी काढली. जुन्या धोतराची, त्यांनीच शिवलेली. उलटी केली. एक सुकी पाकळी पडली, एक वात पडली. मग त्यांनी पिशवी खिडकीच्या उजेडात धरली.

आतल्या शिवणीपाशी एक पान होतं. करड्या हिरव्या रंगाचं, दातेरी. झटकलं, पडलं नाही. आपटलं, हललं नाही. शिवल्यासारखं, निकेत म्हणाला होता.

पुढचं सगळं आपोआप उलगडत गेलं आणि त्यांना ते उलगडायला नको होतं. बुधवारीच खाडीवर का? देवाचं पाणी प्यालेलं झाड कचऱ्याच्या डब्यात कसं टाकायचं, म्हणून. ते निर्माल्यच, पाण्यातच जायला हवं. उन्हानं बिघडलेलं पोट? पोट बरं होतं. बांगड्याचा काटा काढायला बोटं लागतात. पेजेला चमचा पुरतो. आणि महिनाभर आंघोळीची बादली अर्धीच का उरत होती? पाण्याच्या टंचाईचं लक्षण म्हणून त्यांनी नगरपालिकेला शिव्या घातल्या होत्या.

उत्तमराव आले. पिठाचा डबा ठेवला. बायकोच्या हातातली पिशवी बघितली आणि खुर्चीत बसले.

"हात दाखवा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, पुरळ पिकून आलं होतं. पंच्यात धरलं तरी पंचा तो केवढा, जाळीसारखा विरलेला.

"फुलावर आलं होतं गं," ते म्हणाले. "तू उठायच्या आत गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालायला रोज जायचो. एक दिवस बघतो तर त्या दगडात पिवळीधमक फुलं. आणि पाटी लावलेली, पाणी घालू नये. फुलावर आलेलं झाड म्हणजे गर्भार बाई. तिला तहानलेली ठेवायची? मला नाही बघवलं. देवाचं पाणी घातलं. मग आंघोळीतलं थोडं."

"मग?"

"मग ते माना टाकायला लागलं. वाटलं, कमी पडतंय. आणखी घातलं. जेवढं घालावं तेवढं ते आणखी माना टाकायचं." ते हाताकडे बघत राहिले. "बुधवारी सकाळी आडवंच झालं. हात लावला तर मुळासकट हातात आलं, कुजून. निकेत संध्याकाळी येणार. मला काही सुचलं नाही. दगड नीट लावले आणि नेऊन सोडलं खाडीत. जाताना जिन्यात लवू भेटला, पिशवीतून फांदी दिसत होती. तो बोलला नाही, मीही नाही."

ज्या झाडाला पाण्याचं वावडं, ते पाण्यानं मेलं, आणि त्याला शेवटी गतीही पाण्यातच मिळाली. अंबिकाबाईंना हसू आलं असतं, पण ते यायलाही ताकद लागते.

"पंचा शेवंतीच्या धुण्यात टाकलात."

"ते लक्षातच आलं नाही. शपथ."

"काल ती त्या उंबऱ्यात पडून रडत होती. तुम्ही समोर पेज खात होतात. बोलला का नाहीत?"

उत्तमरावांनी हात मागे घेतला. मग आवाज न चढवता, रोजची भाजी सांगावी तसं म्हणाले,

"तुझ्याशी बोलायचं तर आधी तुझं संपावं लागतं. ते कधी संपतच नाही. मग मनात आलं, तू उद्यापर्यंत शोधते म्हणालीस ना, मग शोधशीलच. तू शोधलंस की मला बोलावं लागणार नाही."

अंबिकाबाईंनी तोंड उघडलं. ठेवणीतले सगळे शब्द जिभेवर येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, रांगेत.

त्यांनी तोंड मिटलं.

"संध्याकाळी स्वच्छ शर्ट घाला," एवढंच म्हणाल्या.

६

मीटिंग पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, त्याला वीज नव्हती. गेटपाशी भिंतीला टेकून शेवंती उभी. तिला आत घेतलं होतं, खुर्ची दिली नव्हती.

"तर वहिनी," लवू घसा खाकरून म्हणाला. त्याची नजर त्यांना टाळत होती. "तुम्ही म्हणाला होता, चोर देते. पण माझं मत, विषय इथेच संपवू. बाईला बदलू, झालं."

उत्तमराव उठायला लागले. अंबिकाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि आपण उभ्या राहिल्या.

"चोरी झालेलीच नाही. झाड मेलं. ते आमच्या घरानं मारलं."

पंखा बंद होता, तरी सगळं आणखी बंद झाल्यासारखं वाटलं. त्यांनी पिशवी उलटी करून लवूच्या टेबलावर ठेवली. "ते पान काढून बघ कुणी. निघणार नाही. ही पिशवी माझ्या हातची आहे. पंचा माझ्या घरचा, तो हिनं धुतला, म्हणून हिचे हात. लवू, तुला हे बुधवारपासून ठाऊक होतं. आमचं तोंड वाचवायला तू हिचं पोट मारायला निघालास. उपकार झाले. असे पुन्हा नको करूस."

लवूनं जुडगा खिशात घातला.

"पाणी मी घातलं," उत्तमराव बसूनच म्हणाले. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "निकेत, तहानलेलं वाटलं रे मला."

निकेतनं पिशवी जवळ ओढून ते पान पाहिलं. रागावेल असं सगळ्यांना वाटलं. तो रागावला नाही, दमल्यासारखा दिसला.

"काका, त्याला तहान असते," तो म्हणाला. "ती भागवायची नसते, एवढंच. त्या तहानेवरच ते उभं असतं." मग डोळे चोळून म्हणाला, "कड्यावरचं झाड खाडीकाठी मीच आणलं. तुम्ही नाही तर पावसानं मारलं असतं."

सुचेता उठून गेटकडे गेली. तिथे शेवंतीसमोर उभी राहिली. "सॉरी" म्हणाली, मग ते कमी पडलं असं वाटून तिच्या हाताला हात लावायला गेली.

शेवंतीनं हात मागे घेतला. "नका लावू वयनी, आजून आग हाय." आणि तिच्या खांद्यावरून लवूकडे बघून विचारलं, "सायेब, माजं गेट?"

"चालू," लवू म्हणाला.

"मंग उद्या येते," शेवंती म्हणाली आणि मोरव्याच्या रस्त्याला लागली. अंबिकाबाईंकडे तिनं पाहिलं नाही. ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंती वेळेवर आली. कपडे धुतले, पिळे डाव्याऐवजी उजव्या खांद्यावर टाकले. जाताना मोरीच्या उंबऱ्यावर एक कपडा तसाच ठेवून गेली, नीट घडी करून. उत्तमरावांचा पंचा.

"हा तुमी धुवा, काकी," दारातून म्हणाली. "माज्याच्यानं न्हाय व्हनार."

एरवी अशा बोलण्याला जिन्यापर्यंत उत्तर गेलं असतं. अंबिकाबाईंनी दार लावलं. पंचा फेकून देता आला असता. पण तो त्यांनी टाकला नाही. स्टूल मोरीत ओढलं, साडी वर खोचली आणि अर्ध्या बादलीत तो भिजवून चोळायला घेतला. पहिल्यांदा काही वाटलं नाही. पण त्यांचे हात शेवंतीसारखे साबणानं निबरलेले नव्हते. मग बोटांच्या बेचक्यांत मुंग्या आल्या, आणि मग आग मनगटाकडे चढायला लागली.

"काय गं, गप्पशी?" उत्तमराव बाहेरून म्हणाले.

त्या चोळत राहिल्या.

दुपारी भात होता, वर बांगड्याचं तिखलं. ताटं मांडून अंबिकाबाई बसल्या. भाताला हात लावायला गेल्या आणि थांबल्या.

उत्तमराव उठले. त्यांनी फळीवरून चमचा काढला, धोतराला पुसला आणि बायकोच्या ताटात ठेवला. मग आपल्या सुजक्या बोटांनी बांगड्याचे काटे काढायला लागले. आधी तिच्या वाट्याचे.